वीज कोणाची घ्यावी?



दूध कोणाकडून घ्यावें, वाणी कोणता धरावा, शिंपी कोणता बरा, ह्या प्रश्नांवर आपल्या घरांत वाद झडतात, आणि ते झडावे हेंच योग्य आहे. दुधांत पाणी पडलें तर चहाच्या रंगावरून कळतें. वाण्यानें जुने म्हणून नवे तांदूळ घातले तर भात चिकट होऊन चुगली करतो. वीज मात्र ह्या वादांत कधीं आलीच नाहीं. ज्या घरांत बिऱ्हाड थाटलें त्या घराला जी जोडलेली असेल ती आपली वीज, आणि तिचें जें बिल येईल तें आपलें बिल, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत. घर बदललें तरच वीज देणारा बदलावयाचा, एरव्हीं नाहीं. मुंबईच्या उपनगरांपुरती तरी ही समजूत २००९ सालापासून खरी राहिलेली नाहीं. तेथें एकाच जिन्यावर समोरासमोर राहणारीं दोन कुटुंबें दोन वेगळ्या कंपन्यांचीं ग्राहक असूं शकतात, आणि तींहि पुष्कळदां एकाच तारेवर.

ही निवड कशी करावी ह्याविषयीं आज बोलावयाचें आहे. मुंबईबाहेरच्या श्रोत्यांनीं लगेच यंत्र बंद करूं नये. विजेचें बिल कसें वाचावें हा ह्या विषयाचा मोठा भाग आहे, आणि बिल तर सर्वांनाच येतें.

प्रथम ही दोन दुकानें एकाच पेठेंत आलीं कशीं तें पाहूं. मुंबईच्या मूळ शहरांत 'बेस्ट'ची वीज आहे. ही संस्था १९०५ सालीं खासगी कंपनी म्हणून निघाली आणि १९४७ च्या ऑगस्टांत मुंबई महापालिकेच्या मालकीची झाली. उत्तरेकडे, म्हणजे वांद्र्याच्या पुढें, त्या काळीं वाड्या, भातखाचरें आणि तुरळक बंगले होते. त्या भागाला वीज देण्यासाठीं १९२९ सालीं 'बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय' ही कंपनी निघाली. जुने उपनगरवासी तिला अजून 'बी. एस. ई. एस.' म्हणतात. पुढें ती रिलायन्स समूहाकडे गेली आणि २०१८ च्या ऑगस्टांत अदानी समूहाकडे आली. कंपनीचें नांव बदललें, बिलावरचें चिन्ह बदललें, पण जमिनींतल्या तारा त्याच राहिल्या. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. तिचा पुढें उपयोग होणार आहे.

तिसरी कंपनी टाटांची. लोणावळ्याच्या आसपास सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचें पाणी तलावांत अडवावें, तें मोठाल्या नळांतून घाटाखालीं खोपोलीला सोडावें, आणि त्या जोरावर यंत्रें फिरवून मुंबईच्या कापडगिरण्या चालवाव्या, ही योजना १९१५ सालीं प्रत्यक्षांत उतरली. मग १९२२ सालीं भिवपुरी, १९२७ सालीं भिरा. गिरण्या, आगगाड्या आणि स्वतः वीज वाटणाऱ्या इतर कंपन्या हे टाटांचे मुख्य गिऱ्हाईक. उपनगरच्या कंपनीनें स्वतःचें वीजनिर्मितीचें केंद्र डहाणूला उभारलें तें १९९५ सालीं. तोंवर ती टाटांकडून ठोक घेई आणि घरोघर किरकोळ विकी. पुढें ठोक विकणाऱ्यानें किरकोळीची फळी उघडली. ती त्याला उघडतां येते कीं नाहीं, त्याच्या परवान्यांत तें बसतें कीं नाहीं, ह्यावर वर्षानुवर्षें खटला चालला. ८ जुलै २००८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें टाटांना घरगुती ग्राहकासहि वीज विकतां येईल असा निर्णय दिला. परंतु विकावयाची कशावरून? घरोघर तारा तर दुसऱ्याच्या! तो प्रश्न महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगानें १५ ऑक्टोबर २००९ च्या आदेशानें सोडविला. तारा आहेत त्याच वापराव्या, तारांच्या मालकास त्यांचें भाडें द्यावें, आणि ग्राहकानें वीज कोणाची घ्यावयाची तें ग्राहकानें ठरवावें.

मूळ शहरांतील 'बेस्ट'च्या ग्राहकांस ही सोय नाहीं. वीज वांटणाऱ्या जुन्या स्थानिक संस्थेनें आपल्या तारा दुसऱ्यास वापरूं द्याव्या असें बंधन २००३ च्या विद्युत कायद्यानें घातलेलें नाहीं. तेथें दुसऱ्या कंपनीला ग्राहकापर्यंत स्वतःच्या तारा न्याव्या लागतात. भांडुप-मुलुंडकडे महावितरण आहे, आणि तेथेंहि उपनगरासारखा दोन कंपन्यांचा रिवाज नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. वीज देणारा बदलला म्हणजे आपण नेमकें काय बदलतों?

वीज बदलत नाहीं, हें आधीं स्पष्ट सांगितलें पाहिजे. पुष्कळांची अशी कल्पना असते कीं एका कंपनीची वीज जोरकस आणि दुसरीची मंद, एकीच्या विजेवर पंखा जोरानें फिरतो आणि दुसरीच्या विजेवर कुरकुरतो. तसें कांहीं नसतें. एखाद्या वाड्यांत मोठा हौद असावा, चार पाणक्यांनीं त्यांत आपापल्या पखाली ओताव्या आणि बिऱ्हाडकरूंनीं नळानें पाणी घ्यावें. तुमच्या तांब्यांत आलेलें पाणी कोणत्या पखालींतलें हें त्या पाणक्यांनाहि सांगतां यावयाचें नाहीं. खोपोलीची, डहाणूची, तुर्भ्याची आणि दूरच्या प्रांतांतून आलेली वीज अशीच एका जाळ्यांत मिसळते. अमुक कंपनीनें जाळ्यांत किती ओतली आणि तिच्या ग्राहकांनीं किती उपसली ह्याचा हिशेब वहींत होतो, तारेंत नव्हे.

ह्याचा पुरावा हवा असेल तर १२ ऑक्टोबर २०२० चा दिवस आठवावा. त्या दिवशीं सकाळीं मुंबईला वीज आणणाऱ्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि शहर व उपनगरें दोन्ही अंधारलीं. लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, रुग्णालयांना स्वतःच्या जनित्रांवर काम चालवावें लागलें. त्या घटकेस 'बेस्ट'चा ग्राहक, अदानींचा ग्राहक आणि टाटांचा ग्राहक ह्यांच्यांत कांहींच भेद राहिला नाहीं. म्हणून "आमच्याकडे वारंवार वीज जाते, सबब कंपनी बदलतों" असें कोणी म्हणाला तर त्यास एकच प्रश्न विचारावा: नवी कंपनी तुमच्या इमारतीपर्यंत स्वतःची तार आणणार आहे, कीं जुनीच तार वापरणार आहे? जुनीच तार राहणार असेल तर पावसाळ्यांत तिच्यांत पाणी शिरेल तेव्हां रस्ता खणावयास जुन्याच कंपनीचीं माणसें येणार. तारेचें दुखणें पुरवठादार बदलून बरें होत नाहीं.

मग बदलतें तें काय? बदलतो विजेचा दर, बदलतें बिल, आणि त्या बिलाबद्दल आपल्याला ज्याला जाब विचारावयाचा तो माणूस. निवड ह्या तीन गोष्टींची आहे. त्यांतील दराचा विचार सर्वांत कठीण आणि सर्वांत चुकीच्या रीतीनें केला जाणारा, म्हणून त्यावर थोडा वेळ घेतों.

बिल हातांत घ्या. त्याच्या तळाशीं जी ठळक रक्कम असते तिच्याकडे तूर्त पाहूं नका. वरचीं खानीं पाहा. एक स्थिर आकार असतो. वीज जळो न जळो, तो द्यावा लागतो. दुसरा वीज आकार. ही खऱ्या विजेची किंमत. तिसरा वहन आकार. हें तारांचें भाडें. चौथा इंधन समायोजन आकार. कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज महागली-स्वस्तली कीं हा वरखालीं होतो. त्यावर सरकारचें वीज शुल्क. तुमची तार तीच राहून पुरवठादार बदलला तर तारेचें भाडें बुडत नाहीं. तें नव्या कंपनीच्या बिलांतून जुन्या कंपनीकडे जातें. सरकारचें शुल्क तर कोठेंहि गेलां तरी पाठ सोडीत नाहीं. "त्यांचा वीज आकार रुपयानें कमी आहे" एवढें ऐकून धांवणारा मनुष्य म्हणजे बाजारांत कापडाचा भाव विचारून शिलाई विसरणारा मनुष्य होय. दोन्ही दरपत्रकांतील सर्व खानीं एकाखालीं एक लिहून बेरीज करावी, तेव्हां तुलना झाली.

परंतु खरी ग्यानबाची मेख पुढेंच आहे. घरगुती विजेचा दर सरसकट नसतो, टप्प्याटप्प्यानें चढत जातो. महाराष्ट्रांत पहिल्या शंभर युनिटांना एक दर, एकशेएक ते तीनशेंना दुसरा, तीनशेंएक ते पांचशेंना तिसरा आणि त्यावर चौथा, अशी रचना आहे. दोन कंपन्यांचे टप्पे तेच असले तरी चढण सारखी नसते. एकीची पहिली पायरी बुटकी आणि पुढच्या उंच. दुसरीची पहिलीच जरा उंच पण पुढची चढण सोपी. उदाहरण घेऊं. हे दर माझ्या मनचे आहेत, हिशेब कळावा एवढ्यासाठींच घेतले आहेत. कोणत्याहि कंपनीचे समजूं नयेत. सोयीसाठीं शेवटचे दोन टप्पे मीं एक केले आहेत. पहिल्या कंपनीचा दर शंभरपर्यंत ४ रुपये, तीनशेंपर्यंत ८ रुपये आणि त्यापुढें ११ रुपये. दुसरीचा ५ रुपये, साडेसात रुपये आणि ९ रुपये.

महिन्याला ९० युनिटें जाळणाऱ्या कुटुंबाला पहिल्या कंपनीचे ३६० रुपये पडतील, दुसरीचे ४५०. त्यानें पहिलीकडेच राहावें हें उघड आहे. थंड हवेचें यंत्र, पाणी तापविण्याचें यंत्र, कपडे धुण्याचें यंत्र असा सरंजाम असलेलें घर महिन्याला ४५० युनिटें जाळतें. त्याला पहिलीचे ३६५० पडतील आणि दुसरीचे ३३५०. त्यानें दुसरीकडे जावें हेंहि उघड आहे. म्हणून शेजाऱ्याला कंपनी बदलून फायदा झाला, सबब आपल्यालाहि होईल, हें अनुमान फसवें. शेजाऱ्याचा चष्मा घालून आपल्याला दिसत नाहीं, तसेंच हें.

आणि मधल्या घराचें काय? आपल्यापैकीं बहुतेकांचीं घरें मधलींच. एक घर असें धरूं कीं जें नऊ महिने १८० युनिटें जाळतें आणि उन्हाळ्याचे तीन महिने ४२०. कोणी चतुर मनुष्य म्हणेल, वर्षाची सरासरी काढा: महिन्याला २४० येते. २४० युनिटांना पहिली कंपनी १५२० रुपये घेते, दुसरी १५५०. तेव्हां पहिली स्वस्त, वर्षाला ३६० रुपये वांचले. हिशेब बिनचूक दिसतो, आणि उत्तर साफ चूक आहे! कारण बिल सरासरीचें येत नाहीं, ज्या त्या महिन्याचें येतें. १८० युनिटांच्या महिन्यांत पहिली कंपनी १०४० घेते आणि दुसरी ११००. येथें पहिलीकडे साठ रुपयांचा फायदा, नऊ महिन्यांत ५४०. पण ४२० युनिटांच्या महिन्यांत पहिली ३३२० घेते आणि दुसरी ३०८०. येथें दुसरीकडे दोनशेंचाळीसांचा फायदा, तीन महिन्यांत ७२०. वर्षाअखेर दुसरीच स्वस्त ठरली, आणि तीहि किती? १८० रुपयांनीं. महिन्याला पंधरा रुपये.

हा आंकडा मीं मुद्दाम अखेरपर्यंत ओढून आणला. दोन कंपन्यांच्या दरांची चर्चा आपण रस्त्यावर, गाडींत, कचेरींत ज्या आवेशानें करतों त्या मानानें मधल्या घराच्या पदरीं पडणारा लाभ पुष्कळदां इतकाच असतो. कधीं तो मोठाहि असेल. तो किती हें समजण्यास मार्ग एकच: मागील बारा महिन्यांचीं बिलें काढावीं, प्रत्येकावरचीं युनिटें एका कागदावर उतरावीं, प्रत्येक महिन्याचें बिल दोन्ही दरांनीं मांडावें आणि शेवटीं बेरीज करावी. ज्या घरांत दूध-भाजीचा हिशेब वहींत लिहिला जातो त्या घरांतील गृहिणीला हें काम एका दुपारचें आहे. आणि पुरुषांनीं केलें तरी कांहीं बिघडत नाहीं.

हें गणित एकदां करून कायमचें सुटतें असेंहि नव्हे. दोन्ही कंपन्यांचे दर आयोग ठरवितो, आणि ते बदलतात. २०२५ च्या मार्चांत आयोगानें २०२५-२६ ते २०२९-३० ह्या पांच वर्षांसाठीं आदेश काढले. त्यांत वर्षावर्षाचे दर निराळे, आणि मध्यंतरीं फेरविचारहि होऊं शकतो. गतसालीं स्वस्त असलेली कंपनी येत्या सालीं स्वस्त असेलच असें नाहीं. तेव्हां नवा आदेश आला कीं तो कागद पुन्हां काढावा. दर आयोग ठरवितो ह्यांत आणखी एक गोष्ट आली. दारावर येऊन "हा भाव खास तुमच्यासाठीं" असें कोणी म्हणूं लागला तर त्याच्यापाशीं आयोगानें मान्य केलेलें दरपत्रक मागावें. खास भाव तेथल्या तेथें विरघळेल.

विलायतेंत रीत निराळी आहे, तिचा येथें थोडक्यांत उल्लेख करतों, कारण तिकडे स्थायिक झालेले आपले नातलग सुटींत येऊन आपल्याला ह्या बाबतींत उपदेश करीत असतात. तेथें १९९८-९९ मध्यें घरगुती ग्राहकाला कंपनी निवडण्याची मोकळीक मिळाली. तेथें कंपन्या आपापले भाव स्वतः लावतात. २०१९ पासून सरकारी नियामकानें त्यांवर एक कमाल मर्यादा घातली. स्वस्त भाव लावून गिऱ्हाईक ओढणाऱ्या लहान लहान कंपन्या पुष्कळ निघाल्या. २०२१ सालीं घाऊक बाजारांत इंधनवायूचा भाव भडकला तेव्हां त्यांतील पंचविसांहून अधिक कंपन्या बुडाल्या. ग्राहकांच्या घरांत अंधार झाला नाहीं, कारण नियामकानें त्यांना दुसऱ्या कंपन्यांच्या हवालीं केलें; पण ह्या उलाढालीचा खर्च अखेर सर्वांच्याच बिलांवर वांटला गेला. ज्यांनीं कधीं कंपनी बदलली नव्हती त्यांच्याहि.

आणि येथेंच मला मुंबईच्या हकीकतीचा दुसरा भाग सांगितला पाहिजे, कारण एकाच्या निवडीची झळ दुसऱ्याला लागते ती आपल्याकडेहि लागली. खालच्या टप्प्याचा दर मुद्दाम कमी ठेवलेला असतो. एका खोलींत एक पंखा, दोन दिवे आणि एक दूरदर्शन चालविणाऱ्या कुटुंबाला वीज परवडावी म्हणून तिचा कांहीं भार वरच्या टप्प्यांतील ग्राहकांवर आणि दुकानें-कचेऱ्यांवर टाकलेला असतो. एका कंपनीच्या सर्व ग्राहकांची ही जणूं सामायिक भिशी आहे. २००९ नंतर कंपनी बदलण्याची वाट मोकळी झाली तेव्हां त्या वाटेनें आधीं कोण जाणार? ज्याचें बिल मोठें, ज्याला बदलण्यांत लाभ अधिक, तो. मोठे ग्राहक निघून गेले कीं मागें राहिलेल्या लहानांचा भार उचलणार कोण? त्यांचे दर चढणार, किंवा कंपनीची तूट वाढणार, आणि तूट म्हणजे उद्यांची दरवाढच.

म्हणून २०११ सालीं आयोगानें जाणाऱ्या ग्राहकावर एक अधिभार बसविला: तू जा, पण लहानांसाठीं जो वांटा देत होतास तो देत राहा. तुझ्या काळांत सांचलेली जुनी तूट राहिली असेल तर तिचाहि वांटा दे. पुढें २२ ऑगस्ट २०१२ च्या आदेशानें आयोगानें असें ठरविलें कीं जुन्याच तारेवर राहून टाटांकडे जाण्याची मुभा महिन्याला तीनशें युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्यांनाच असावी, म्हणजे ह्या सोयीचा लाभ लहानांना आधीं मिळेल. ह्या आदेशाविरुद्ध दाद मागितली गेली आणि २०१४ च्या नोव्हेंबरांत अपिलीय न्यायाधिकरणानें ती व्यवस्था बदलली. न्यायालयीन तपशिलांत आज शिरत नाहीं. अधिभाराचा दर आयोग वेळोवेळीं ठरवितो; आपण तुलना करूं त्या दिवशीं तो किती आहे हें पाहून तो बेरजेंत धरावा एवढें पुरे.

परंतु ह्या अधिभाराला 'दंड' म्हणण्याची जी प्रथा पडली आहे ती मला पसंत नाहीं. पंक्तीला बसून जेवल्यावर वर्गणीच्या वेळीं उठून जाणाऱ्याला कोणी अडविलें तर तो दंड होत नाहीं. दुसऱ्या बाजूनें, खर्चाचा मेळ घालण्यासाठीं एखाद्या गृहस्थानें स्वस्त कंपनी निवडली तर त्याला स्वार्थी म्हणण्याचाहि कोणाला अधिकार नाहीं. कायद्यानें दिलेली निवड आहे, ती त्यानें वापरावी. गरिबाच्या पहिल्या शंभर युनिटांची काळजी ही मोठ्या ग्राहकाच्या कंपनीनिष्ठेवर सोडण्याची गोष्टच नव्हे. ती दर ठरविणाऱ्यांनीं वाहावयाची. ती त्यांनीं वाहिली कीं नाहीं हें विचारण्यासाठीं आयोगाच्या जाहीर सुनावण्या असतात. दरवाढीचा प्रस्ताव आला म्हणजे कोणाहि ग्राहकाला लेखी हरकत घेतां येते, समक्ष बोलतां येतें. तेथें कारखानदारांचे वकील नेमानें हजर असतात. शंभर युनिटवाल्यांची खुर्ची बहुधा रिकामी असते, आणि तिच्यावर बसण्यास वकिलाची सनद लागत नाहीं.

मुंबईबाहेर, जेथें महावितरण हा एकच पुरवठादार आहे, तेथें निवडीला वाव नाहीं असें वाटतें. तो थोडा आहे, आणि तो डोक्यावर आहे. ज्याच्या मालकीचें छप्पर त्याला सूर्याकडून वीज घेतां येते. २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटांस एकूण ७८,००० रुपये असें अनुदान ठरविण्यांत आलें. येथेंहि हिशेब वरच्यासारखाच करावा: ज्याचीं युनिटें वरच्या महाग टप्प्यांत जातात त्याचा पैसा लवकर वसूल होतो, ज्याचीं शंभराच्या आंतच राहतात त्यानें घाई करूं नये.

आतां तिसरी गोष्ट, जाब विचारण्याची. दोन कंपन्यांच्या बेरजेंत महिन्याला दहा-वीस रुपयांचाच फरक निघाला तर मी स्वतः ह्या गोष्टीला अधिक वजन देईन. बिल दरमहा मीटर पाहून येतें कीं अंदाजानें? अंदाजानें आलेलें बिल पुढच्या महिन्यांत दुरुस्त होतें तेव्हां युनिटें ज्या त्या महिन्यांत वांटून टप्पा लावतात, कीं सर्व एकाच महिन्यांत धरून वरच्या टप्प्यांत ढकलतात? तक्रार केली तर क्रमांक मिळतो का, आणि त्या क्रमांकाचें पुढें काय होतें? हें दरपत्रकावर छापलेलें नसतें. तें इमारतींतल्या, आळींतल्या लोकांना विचारूनच कळतें. शेजाऱ्याला दर विचारूं नये असें मीं म्हटलें, पण अनुभव अवश्य विचारावा. कंपनी ऐकत नसेल तर कायद्यानें प्रत्येक कंपनीला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच ठेवावा लागतो, आणि मंचाच्या निर्णयानें समाधान न झाल्यास विद्युत लोकपालाकडे जातां येतें. तेथें साध्या मराठींत लिहिलेला अर्ज आणि जुन्या बिलांच्या प्रती ह्या दोनच वस्तु मुख्यतः उपयोगीं पडतात.

बदल करावयाचें ठरलेंच तर कांहीं किरकोळ गोष्टी. अर्ज ज्याच्या नांवावर बिल येतें त्यानें करावयाचा असतो. आपल्याकडे वडील वारून पंधरा वर्षें झालीं तरी बिल त्यांच्याच नांवानें येत असतें आणि आपण तें भक्तिभावानें भरीत असतों. तेथें आधीं नांव बदलून घ्यावें. भाडेकरूनें मालकाशीं बोलून ठेवावें. जिना, पंप आणि उद्वाहन ह्यांचा मीटर संस्थेच्या नांवावर असतो, त्याचा निर्णय समितीनें करावयाचा. तुमच्या घरच्या मीटरशीं त्याचा संबंध नाहीं. जुनी थकबाकी आधीं फेडावी, कारण ती राहिली कीं अर्ज अडतो. जुन्या कंपनीकडे अनामत ठेवलेली असते, तिच्या परतीची विचारणा लेखी करावी.

आणि मीटर बदलण्यास माणूस येईल त्या दिवशीं घरांत जाणतें कोणी असावें. जुन्या मीटरवरचा अखेरचा आंकडा आणि नव्यावरचा पहिला आंकडा, दोन्ही त्याच्यासमोर कागदावर लिहून त्याची सही घ्यावी, दोन्ही आंकड्यांचें छायाचित्र काढावें. पुढें जुन्या कंपनीचें शेवटचें बिल आणि नव्या कंपनीचें पहिलें बिल हातीं येतील, तेव्हां तो कागद त्यांच्याशेजारीं ठेवून आंकडे जुळतात कीं नाहीं तें ताडून पाहावें, आणि मगच पैसे भरावे.